तूर्तास कडुबा

पाळणा थांबला होता आणि खोलीत कोणीच बोलत नव्हते.

प्रश्न विचारल्यावर वर्गात पसरते ती शांतता सोमनाथच्या परिचयाची होती. कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवणाऱ्या माणसाला तिच्याशी घरोबा करूनच दिवस काढावे लागतात. ही शांतता निराळी होती. गारखेड्यातल्या त्या दोन खोल्यांच्या घरात सव्वीस बाया घुगऱ्यांचे द्रोण हातात धरून एकाच वेळी त्याच्याकडे पाहत होत्या. पाळण्याच्या दोरीला गुंडाळलेल्या झेंडूच्या माळेतून एक पाकळी सुटली आणि फरशीवर पडली. तिचा आवाज झाला, असे सोमनाथ पुढे कित्येक दिवस गंभीरपणे सांगत असे.

पाळण्यावर त्याची थोरली बहीण, कुशावर्ताअक्का, ओणवी झालेली होती. बाळाच्या कानात नाव सांगण्याचा मान आत्याचा, आणि नाव उच्चारताच आत्याच्या पाठीत धपाटे घालण्याचा मान जमलेल्या बायांचा. दोन्ही पक्ष सज्ज होते. अक्काचे ओठ बाळाच्या कानाशी होते, डोळे भावावर होते, आणि तिच्या पाठीमागे चार उंचावलेले हात केव्हाचे ताटकळत होते.

"सोम्या, नाव सांग की रं," अक्का ओणव्यानेच म्हणाली. "बायांचे हात अवघडले. माझी कंबर तर कवाच गेली."

सोमनाथने हातातली दोनशे पानी वही उघडली, मिटली, पुन्हा उघडली. "अक्का, दोनच नावं उरली आहेत. एकाची व्युत्पत्ती संशयास्पद वाटते, आणि दुसऱ्याचा अर्थ एका कोशात एक दिलाय अन् दुसऱ्या कोशात..."

"मंग मी आता काय म्हणू?"

"पाच मिनिटं दे."

पाच मिनिटे आणखी ओणवे राहण्याचे अक्काचे वय नव्हते. तिने बाळाकडे पाहिले. बाळाने तिच्याकडे पाहून जांभई दिली. मग ती त्याच्या कानाला लागली आणि म्हणाली, "कुर्रर्र... कडुबा!"

धपाटे पडले. फार वेळ साचून राहिल्यामुळे ते जरा जोरातच पडले. पाळणा हलला, गाणे सुरू झाले, घुगऱ्या वाटल्या गेल्या आणि सव्वीस बायांनी सोडलेल्या निःश्वासात सोमनाथचा "तूर्तास! तूर्तास!" हा आक्रोश कोणालाच ऐकू गेला नाही.

"असू दे तूर्तास," पाठ चोळत अक्का नंतर म्हणाली. "तुझं ठरंस्तोवर पोराला काय 'अहो अर्जदार' म्हणायचं व्हय? अन् कडू असतंय ते कुणी गिळत नाय. नदर लागायची नाय त्याला."

या वहीविषयी थोडे सांगणे भाग आहे. त्याच्या बायकोचे, प्रेरणाचे, हे मूल ठरल्या तारखेच्या सात आठवडे आधीच जगात आले आणि सतरा दिवस रुग्णालयातल्या काचेच्या पेटीत राहिले. पेटीबाहेरच्या बाकावर बसून करण्यासारखे सोमनाथच्या हातात काहीच नव्हते. तेव्हा त्याने कोपऱ्यावरच्या दुकानातून वही आणली आणि पहिल्या पानावर पाच रकाने आखले: नाव, मूळ, अर्थ, उच्चार, आणि लाल शाईने, 'वर्गात काय म्हणतील'. दीड किलोच्या त्या जिवासाठी त्याला असे नाव हवे होते की ज्याचा उगम नदीच्या उगमासारखा बोट ठेवून दाखवता यावा, ज्याचा अर्थ हिवाळ्यातल्या उन्हासारखा अंगावर यावा, आणि ज्याचे सातवी ब मधला सर्वांत वात्रट मुलगाही काही वाकडे करू शकणार नाही.

शेवटच्या रकान्याला इतिहास होता. वयाच्या सहाव्या वर्षापर्यंत सोमनाथ हा धोंडिबा होता. सोयगावात तो आजही धोंड्याच आहे. महाविद्यालयातल्या त्याच्या पहिल्याच तासाला, फळ्यावर 'कवितेतील प्रतिमा' असे सुवाच्य अक्षरात लिहून तो वळला, तेव्हा सोयगावकडच्या एका विद्यार्थ्याने मागच्या बाकावरून निखळ आनंदाने ओळख दिली होती, "धोंडूमामा!" त्यानंतर वर्षभर कवितेत दगड आला की वर्ग त्याच्याकडे पाहून हसे. मराठी कवितेत दगड फार आहेत, हे त्याला त्या वर्षी कळले. आपल्या मुलाच्या वाट्याला यातले काहीही येऊ द्यायचे नाही, एवढीच त्याची प्रतिज्ञा होती. बाकीचे चार रकाने हा तिचा पोशाख.

परंतु नाव ही वस्तू अशी आहे की ती एकट्याने शोधू म्हटले तरी जग मदतीला धावून येते. 'आरव' बाद झाले, कारण त्यांच्या इमारतीत तीन आरव होते आणि खालून एक हाक मारली की तिघेही जिना उतरत. 'वियान'चा अर्थ फक्त मोबाइलवर सापडे. सोमनाथने तीन कोश पालथे घातले, पण त्या शब्दाला आईवडील मिळाले नाहीत. 'अनिकेत' त्याला मनापासून आवडले होते. पण सासूबाईंनी अर्थ विचारला आणि त्याने प्रामाणिकपणे सांगितला.

"ज्याला घर नाही तो?" सासूबाईंच्या डोळ्यांत पाणीच आले. "जावईबापू, लेकरू आत्ता कुठं त्या पेटीतून घरात आलंय हो."

'अद्वैत'वर त्याच्या वडिलांनी, काकासाहेबांनी, सोयगावहून फोनवरून हरकत घेतली. "अद्वैत म्हंजी काय? दुसरं नायच? अरं, सूनबाईला इचारलं का आधी?" आणि 'अर्णव' म्हणजे समुद्र, हे ऐकून समोरच्या घरातले रामकिसनराव बराच वेळ विचारात पडले. मग म्हणाले, "सर, नाव वजनदार हाय. पण आपल्या गल्लीत नळ येतो आठव्या दिवशी. उद्या तुम्ही जिन्यातून वरडले, 'अर्णव आला, अर्णव आला', तर बाया हंडे घेऊन उतरतील."

प्रेरणा हे सगळे दुपट्यांच्या घड्या घालत ऐकत असे. "अहो," ती एकदा म्हणाली, "तुम्ही नाव ठेवताय की पोरावर प्रबंध लिहिताय? तोंडी परीक्षेला त्याला बसवणार आहात का तुम्ही?"

"प्रेरणा, नाव माणसाआधी खोलीत शिरतं."

"शिरू दे. पण लवकर शिरू दे. अक्कांचं नाव दारात कवाचं उभंय."

ते नुसते उभे नव्हते. ते आत आले होते आणि पाय पसरत होते. दीड महिन्याच्या लसीसाठी बाळाला नेले तेव्हा परिचारिकेने कार्ड पुढे ओढून विचारले, "बाळाचं नाव?" सोमनाथने घसा साफ केला. "त्याचं असं आहे, सिस्टर, की संस्कृतोद्भव आणि देशी अशा दोन प्रवाहांत..." मागे चाळीस आया आणि चाळीस रडणारी मुले उभी होती. "कडुबा लिवा," अक्का म्हणाली. परिचारिकेने लिहिले, बाळाच्या मांडीत सुई टोचली आणि बाळाने जो टाहो फोडला तो सोमनाथला आपलाच वाटला.

आठवडाभराने सोयगावच्या बसस्थानकासमोर फलक लागला. त्याचे छायाचित्र नातेवाइकांच्या गटावर आले तेव्हा सोमनाथ शिक्षक-खोलीत डबा खात होता. बारा फूट रुंदीच्या फलकावर मधोमध टोपडे घातलेले त्याचे बाळ होते. भोवती काळे चष्मे लावलेले अकरा शुभेच्छुक होते, आणि वर केशरी अक्षरांत लिहिले होते: 'सोयगाव तालुक्याचे भावी आशास्थान चि. कडुबा सोमनाथराव यांचे हार्दिक स्वागत!' कोपऱ्यात, आजोबा या नात्याने, काकासाहेब फेटा बांधून हात जोडत होते. आपले नाव पुढे 'राव' लावून मुलाच्या नावामागे उभे आहे, ही गोष्ट सोमनाथला एखाद्या थंड पाण्याच्या घोटासारखी क्षणभर सुखावून गेली. मग त्याने डबा मिटला.

"सर, आता उशीर करू नका," रामकिसनराव त्या संध्याकाळी म्हणाले. ते तलाठी म्हणून निवृत्त झाले होते आणि अवघी सृष्टी त्यांना सात-बाराच्या उताऱ्यासारखी दिसे. "जन्माच्या दाखल्यात नावाची चौकट कोरी हाय ना? कोरी चौकट म्हंजे पडीक जमीन. तुम्ही पेरलं नाय तर दुसरा वहिवाट दाखवतो. कडुबाची वहिवाट लसीच्या कार्डावर हाय, फलकावर हाय, लोकांच्या तोंडात हाय. अजून वर्षभर गप बसा, मंग वरचं कोर्ट बी तुमचं नाव लावत नसतं."

"पण बदलता येत असेल ना?"

"येतं की. आमच्या तलाठी सज्ज्यात एका माणसाच्या नावापुढं चुकून 'मयत' लागलं व्हतं. सहा वर्षं तो स्वतः येऊन अर्ज देत व्हता. शेवटी नाव दुरुस्त झालं अन् त्या आनंदात खरोखरच गेला. मंग पुन्हा फेरफार."

दुसऱ्याच दिवशी सोमनाथने रजा टाकली आणि तो जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीपुढे उभा राहिला. जन्म आणि मृत्यू यांना एकच खिडकी असावी, यात त्याला काही गहन सुचत होते. पण रांग पुढे सरकली. खिडकीमागच्या बाईंच्या चष्म्याला मण्यांची साखळी होती आणि चेहऱ्यावर अनेक वर्षे इतरांची नावे लिहिणाऱ्या माणसाचा शांतपणा.

"नाव?"

"मला आधी विचारायचं होतं, की एकदा लिहिलं तर..."

"तर लिहिलं. मग बदलायला शपथपत्र, राजपत्र, सगळं आलं." बाईंनी त्याच्या वहीकडे पाहिले. "घाई काय आहे? अजून महिने आहेत. कोरं राहू द्या. लोक नाव आणतात, वह्या कोणी आणत नाही."

पुढल्या खेपेला नाव जवळजवळ ठरले होते. पण त्या दिवशी बाईच रजेवर होत्या, आणि सोमनाथने तो कौल समजून घरी येऊन नाव खोडले. तिसऱ्या खेपेच्या आधी मात्र एक गोष्ट घडली.

फलक काढायला सांगण्यासाठी त्याने काकासाहेबांना फोन केला होता. तो जरा चढ्या आवाजात बोलला. शिकलेल्या घरात असली नावे शोभत नाहीत, मुलाला उद्या शाळेत जायचे आहे, अक्काला हे कळायला हवे होते, असे बरेच. पलीकडे कोणीतरी बैलाला हाकलत होते. मग काकासाहेब सावकाश म्हणाले:

"तुला ठावं नसंल. तुझ्या आधी दोन झाले व्हते. येकाचं नाव राजेंद्र, दुसऱ्याचं महेंद्र. मीच ठिवले व्हते. लई थोर नावं. दोन्ही बारशाला गाव जेवलं." बैल थांबला असावा. "येक दोन महिन्याचा गेला, येक पाच. तुझ्या बारीला कुशी सहावीत व्हती. पाळण्याला हात लावू देईना कुणाला. म्हणली, बापू, या बारीला कुणाच्या डोळ्यात भरंल असं नाव नाय ठिवायचं. दगडाला कोण नेतंय? अन् तू राह्यला."

सोमनाथने फोन ठेवला. आतल्या खोलीत अक्का बाळाला पायावर घेऊन तेल लावत होती आणि त्याच्याशी काहीतरी खरमरीत बोलत होती: "काळं माकड माझं, खोबऱ्याची वाटी हाय का डोस्कं?" सतरा दिवस ती रुग्णालयाच्या त्याच बाकावर बसली होती, त्याला आठवले. त्याने दोनशे अकरा नावे लिहिली होती. तिने एकही सुचवले नव्हते.

ज्याला वर्गातले हसू सहन झाले नाही, त्याला कोणाच्या तरी जीव मुठीत धरून बसण्याची खूण कशी कळावी? सोमनाथ गच्चीवर जाऊन उभा राहिला. समोर अर्धवट बांधलेल्या इमारती होत्या, पाण्याच्या काळ्या टाक्या होत्या, आणि त्या सर्वांवर दुपारचे ऊन एखाद्या जुन्या क्षमेसारखे पसरले होते. निदान त्याला तसे वाटले. त्याने लाल शाईचा पेन काढला आणि 'वर्गात काय म्हणतील' हा रकाना वरपासून खालपर्यंत एका रेघेने खोडला.

तिसऱ्या खेपेला आईची सही समक्ष हवी म्हणून प्रेरणा आली. प्रेरणा आली म्हणून बाळ आले. बाळ आले म्हणून अक्का आली. प्रेरणाने कोऱ्या अर्जावर सही केली. "नाव?" तिने विचारले. "मोठी गोष्ट आहे," सोमनाथ म्हणाला, "खिडकीशी लिहितो." प्रेरणाने दोन महिन्यांच्या अनुभवाने डोळे मिटले आणि ती बाळाला घेऊन अक्काशेजारी कडुनिंबाखाली जाऊन बसली.

सोमनाथने टपोऱ्या, निष्कंप अक्षरात लिहिले: कडुबा. अर्ज खिडकीतून आत गेला. जड काहीतरी उतरवून ठेवल्यासारखा तो हलका होऊन झाडाकडे आला आणि अक्कापुढे उभा राहिला. बोलायचे वाक्य त्याने तयार केले होते.

"अक्का, तूर्तास हा शब्द मी काढून टाकला. सरकारदरबारी नोंद केली. आजपासून तो कडुबाच."

अक्काने कान पुढे केला.

"काय केलं म्हणलास?"

"कडुबा. कायमचं. तुझं नाव."

"अरं येड्या!" अक्का अशी ओरडली की मृत्यूच्या नोंदीसाठी आलेली माणसेही वळून पाहू लागली. "कागदावर? कागदावर कुणी असलं नाव लावतं व्हय? लेकरू शाळंत जाईल, त्याचं लगीन व्हईल, पत्रिकेत काय छापायचं, कडुबा? लिंबू-मिरची दाराला बांधत असत्यात, देव्हाऱ्यात मांडत नसत्यात! येवढी बुकं वाचलेल्या माणसाला कळू नये?"

"पण तूच तर..."

"तोंडात वागवायला म्हणलं व्हतं! नदरंला फशिवण्यापुरतं! बापूनं फलक लावला तवा बी मी भांडले. अन् तू तर सरकारात जाऊन..." तिला धाप लागली. "प्रेरणा, तू बी सही ठोकली व्हय गं?"

"मी केली तेव्हा चौकट कोरी होती, अक्का," प्रेरणा म्हणाली. तिच्या खांद्यांवरून ती हसते आहे की रडते आहे हे सोमनाथला ठरवता येईना. "मला वाटलं, संस्कृतोद्भव काहीतरी असेल."

"मग मी?" सोमनाथ म्हणाला. त्याचा स्वाभिमान इतका जखमी झाला होता की आता त्याला लपवण्यासारखे काही उरले नव्हते. "मी नाही का सहा वर्षं धोंड्या होतो? गुरुजींनी शाळेत सोमनाथ घातलं म्हणून सुटलो."

"गुरुजींनी?" अक्का एकदम खाली बसली. तिचा आवाज उतरला. "गुरुजींला काय ठावं तुझं नाव? त्यांनी पाटीवर धोंडिबाच लिवलं व्हतं. बापू शेतात व्हते. मी नेलं व्हतं तुला हाताला धरून, माझं लगीन ठरलेलं. मी म्हणलं, गुरुजी, ते पुसा. सोमनाथ लिवा." ती बाळाच्या टोपड्याची गाठ उगाच सोडू आणि बांधू लागली. "तू झाला त्याच दिवशी ठरवलं व्हतं म्या. सहा वर्षं कुणाला सांगितलं नाय. आईला बी नाय. बोलून दाखवलं असतं, अन्..."

तिने पुढचे सोडून दिले. शब्दांचे मूळ शोधत बसलेला माणूस आपल्याच नावाच्या उगमावर अचानक पाय पडल्यासारखा उभा राहिला. चौतीस वर्षांचा झालो, असा एक वेडगळ विचार त्याच्या मनात आला, आणि अजून बारशातच आहे.

मग तो धावला. रांगेतल्या सर्वांची क्षमा मागत, काहींच्या पायांवर पाय देत, तो खिडकीशी पोहोचला. बाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिले. अर्ज त्यांच्या कोपराखाली तसाच पडला होता.

"सर्व्हर बसलाय सकाळपासून," त्या म्हणाल्या. "अजून काही चढलेलं नाही. आणि तो आरडाओरडा इथपर्यंत ऐकू आला." त्यांनी दुसरा कोरा अर्ज पुढे सरकवला आणि पेन उघडले. "सांगा. आता काय लिहायचं?"

सोमनाथच्या काखेत वही होती. दोनशे अकरा नावे होती, मुळांसकट, अर्थांसकट. त्याने ती उघडली नाही. तो वळला. अक्का बाळाला खांद्यावर घेऊन त्याच्यामागोमाग रांगेपर्यंत आली होती, तिच्यामागे प्रेरणा.

"अक्का," तो म्हणाला, "ह्याचंही ठरवलंयस ना तू? पहिल्या दिवशीच? त्या पेटीपाशी?"

प्रेरणा थबकली. रांगेतले लोक ऐकू लागले. बाईंनी पेन कागदावर टेकवले. छतावरचा पंखा करकरत होता.

"सांग ना अक्का. बाई लिहायला बसल्यात. काय नाव आहे त्याचं?"

अक्काने त्याच्याकडे पाहिले, उघड्या खिडकीकडे पाहिले, माना वळवून उभ्या असलेल्या त्या सगळ्या अनोळखी माणसांकडे पाहिले. मग तिने टोपडे बाळाच्या दोन्ही कानांवरून नीट खाली ओढले, त्याला पदराआड घेतले, आणि एक शब्दही न बोलता ती फाटकाकडे चालू लागली.